आजीने उचललेली चटई

प्रिय फेलेती,

तुझ्या सिनेमाला बक्षीस मिळालं, हे रविवारी पास्टरांनी प्रार्थनेनंतर सगळ्यांना सांगितलं. ऑकलंडच्या वर्तमानपत्रांत आलेलं कौतुक तुझ्या मावसबहिणीने, रूटाने, मला वाचून दाखवलं. एका समीक्षकाने लिहिलंय, ‘पिढ्यानपिढ्या भिऊन गप्प बसलेल्या गावाला या तरुण दिग्दर्शकाने वाचा दिली.’ रूटाला ते फार आवडलं, तिने परत वाचलं. मी हिरवी केळी सोलत होते, सोलतच राहिले.

इथे चर्चच्या सभागृहात पडदा लावला होता. सगळा गाव लोटला. शेजारची लोसा नातवंडांना घेऊन माझ्याजवळच बसली होती. सुरुवातीला फार मजा आली. तुझा पेनिआमिना, म्हणजे माझे आजोबा, पडद्यावर आला तसा म्हातारा तासी म्हणाला, ‘हा असला वाळका? अरे, आमचा पेनिआमिना बसला की होडी कलायची, असं माझा बाप सांगायचा!’ पुढे सभेत वडीलधारी मंडळी बसलेली असताना तुझा नायक उभं राहून भाषण ठोकायला लागला, तर मागच्या बायका पडद्यालाच दटावायला लागल्या, ‘खाली बस आधी. आईने काही शिकवलंय की नाही?’ मग सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या आणि मीही हसले. पण तो तुरुंगात गाणं म्हणतो तेव्हा सभागृहातली सगळी माणसं त्याच्याबरोबर गायली. माझ्या आजोबांना मी कधी पाहिलं नाही. परक्या शिपायांनी त्यांना गोळी घातली तेव्हा माझी आईच रांगत होती. त्यांना असं चालताबोलताना पाहून तुझा केवढा अभिमान वाटला, ते कशाला लपवू.

मग पडद्यावर मोसे आला, अगदी नावानिशी. आजोबा लपले होते त्या डोंगरातली वाट शिपायांना दाखवणारा मोसे, आपल्या लोसाचा आजोबा. लोसा उठली, नातवंडांचे हात धरले आणि निघाली. बसलेल्यांच्या पुढून जाताना आपण वाकून ‘माफ करा’ म्हणतो ना, तसं ती प्रत्येकापुढे वाकून म्हणत गेली. माझ्यापुढेही वाकली. तेव्हा जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिची नात शाळेतून रडत आली. पोरं तिला ‘वाटाड्याची’ म्हणून चिडवत होती.

तू म्हणशील, यात खोटं काय दाखवलं? खोटं काहीच नाही. पण आजोबांना पुरल्यावर एका पहाटे मोसे तुझ्या पणजीच्या घरापुढे माफी मागायला येऊन बसला, डोक्यावरून चटई ओढून. घरातल्या पुरुषांनी त्याला तिथेच मारलं असतं, तरी कुणी बोट दाखवलं नसतं. ऊन चढलं, मग पाऊस आला, तो हलला नाही. शेवटी तुझी पणजी पोर कडेवर घेऊन बाहेर आली आणि तिने स्वतःच्या हाताने चटई उचलली. त्याला आत नेऊन जेवू घातलं. चटई उचलली की ती गोष्ट मिटली, तिचा उच्चारसुद्धा करायचा नाही. म्हणून ती तुला कुणी सांगितली नाही. मीसुद्धा नाही. गाव भ्यालेलं नव्हतं रे, गावाने दिलेला शब्द पाळला होता. तुला परक्या सरकारच्या जुन्या कागदांत मोसेचं नाव सापडलं. त्या कागदांत चटई कुठून येणार? माझ्या आजीने जी उचलली, ती माझ्या लेकाने लोसाच्या अंगावर परत टाकली. हल्ली मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते. लोक माझ्याशी पूर्वीसारखेच गोड बोलतात, त्याने तर जास्तच मेल्यासारखं होतं.

शनिवारी उजाडायच्या आत मी लोसाच्या घरापुढे जाऊन बसले. तुझ्या लग्नासाठी विणून ठेवलेली बारीक विणीची मोठी चटई डोक्यावर घेतली होती. तिने फार वेळ लावला नाही. ‘अगं म्हातारे, गुडघे धरतील, ऊठ. सिनेमा तू काढलास का?’ असं म्हणत तिने मला आत नेलं, गरम कोको दिला. कपही तिनेच माझ्या ओठांशी धरला. मी निघाले तेव्हा तिने चटईची नीट घडी केली आणि माझ्याच मांडीवर ठेवली. म्हणाली, ‘ही ज्याची आहे त्याला आणू दे. फक्त मी जिवंत आहे तोवर ये म्हणावं.’ म्हणून हे पत्र. बक्षीस घ्यायला सिडनीला जाणार असशील तर जा, पण तिथून परस्पर ऑकलंडला वळू नकोस. चटई मी उन्हात घालून ठेवली आहे. एकट्याने बसायचा धीर झाला नाही, तर ती आपल्या दोघांना पुरेल एवढी मोठी आहे.

तुझीच,
आई