दोघांची सायकल आणि मिसेस थ्रॉसेलचं घर

मुक्काम नेदर पिंबल, श्रॉपशर
बुधवार, दुपारच्या जेवणानंतर

तीर्थस्वरूप ऑगस्टावन्सं यांना धाकट्या भावजयीचा, मिलिसंटचा, वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? रात्री मलम चोळता ना, की बाटली फडताळात ठेवून डॉक्टरांना हो हो म्हणता? (छे, तुम्ही कुणाला हो म्हणणार नाही, हे मी विसरलेच.) मांजर परत आली का? वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने ट्रम्पेट वाजवणं थांबवलं, की तुम्ही वर जाऊन थांबवलंत? आम्ही दोघं तुमच्या आशीर्वादाने जिवंत आहोत. याहून जास्त लिहिलं तर ते खोटं होईल.

निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही डडलीहून मुद्दाम येऊन आम्हाला म्हणाला होतात, "या वयात सायकल? डोकी ठिकाणावर आहेत ना दोघांची?" मी तेव्हा हसून म्हणाले होते, "अहो वन्सं, मजा येईल!" ती मजा कशी आली ते आता सविस्तर सांगते. तुम्हाला समाधान वाटेल म्हणून नव्हे, पण वाटलं तर वाटू दे.

हे (म्हणजे तुमचे बंधू नॉरिस) गॅस कचेरीतून निवृत्त झाल्यापासून समोरच्या खोलीत खुर्चीत बसून असतात, ते तुम्ही पाहिलंच आहे. मी झाडायला गेले की पाय वर घेतात. पुसायला गेले की पाय वर घेतात. हल्ली तर मी नुसती चष्मा शोधायला गेले तरी पाय वर घेतात. अशात कुणीतरी ह्यांच्या हातात सायकल क्लबचं एक पत्रक दिलं, "श्रॉपशरच्या खेड्यापाड्यांतून निवांत सहल". त्यातला तो निवांत हा शब्द ज्या माणसाने लिहिला तो मला एकदा भेटायला हवा आहे. मी त्याला काही बोलणार नाही, फक्त पिंबलच्या चढाच्या पायथ्याशी नेऊन सोडीन आणि म्हणेन, हं, आता हो निवांत. पण ह्यांनी ते पत्रक इतक्या उत्साहाने वाचून दाखवलं की मला नको म्हणवेना. म्हटलं, किती महिन्यांनी माणूस खुर्चीतून उठतोय, उठू दे.

आणि सायकल तरी कसली? दोघांनी मिळून चालवायची. सीटं दोन, पेडलं दोन जोड्या, हँडलंही म्हणायला दोन, पण त्यातलं वळतं फक्त पुढचं. मागचं नुसतं धरून बसायला. मागे बसणारीने पाय मारायचे आणि नवऱ्यावर विश्वास ठेवायचा. (लग्नात पाद्रीबाबांनी हेच सांगितलं होतं, पण चर्चमध्ये चढ नव्हता.) परत गेल्यावर लोक मला विचारतील, काय गं मिली, श्रॉपशर कसं आहे? मी सांगणार, राखाडी आहे. त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक शिवण आहे आणि डाव्या खांद्याखाली रश्श्याचा डाग आहे. कारण निघाल्यापासून मी तुमच्या बंधूंच्या रेनकोटाखेरीज दुसरं काहीही पाहिलेलं नाही. बाजूला बघावं तर दोन्हीकडे माणसाहून उंच झुडपांची कुंपणं. त्या कुंपणांपलीकडे फार सुंदर देखावा आहे म्हणे. असेल बापडा.

रस्ता विचारणं हा नकाशाचा अपमान आहे, असं ह्यांचं मत. त्यामुळे आम्ही एकाच ओढ्याला तीनदा भेटलो. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, "अहो, त्या बाईंना विचारायचं का?" तर म्हणाले, "कशाला उगाच त्यांना त्रास!" पुढे धारेला निघालेल्या गायींचा कळप आला. ह्यांनी सायकलवरून उतरून टोपी काढली आणि पहिल्या गायीला "माफ करा हं" म्हणाले. मग सगळा कळप जाईपर्यंत आम्ही खाजकुयरीसारख्या झुडपांत उभे. एका गायीने थांबून माझी हॅट चाटली. गायीलासुद्धा मला नाही म्हणता आलं नाही, वन्सं, तेव्हा पुढचं ऐकून आश्चर्य करू नका.

सोमवारी दुपारपासून पाऊस लागला. इकडे पावसाला कुणी पाऊस म्हणत नाही. चिंब भिजलेला एकेक माणूस समोरून येतो आणि म्हणतो, "उघडेल हं आता!" हेही म्हणतात, "उघडेलच!" मीही मागून म्हणते, "उघडेल, उघडेल!" असं करत करत साखळी दोनदा उतरली, चार चढ झाले, पाय माझे की दुसऱ्या कुणाचे ते कळेनासं झालं, आणि संध्याकाळी आम्ही नेदर पिंबलला मिसेस थ्रॉसेल यांच्या दारात येऊन पोहोचलो. या विधवा बाई. एकट्याच राहतात आणि वाटसरूंना रात्रीपुरती खोली आणि सकाळची न्याहारी देतात. घर बुटकं, दारं त्याहून बुटकी. (ह्यांच्या कपाळावर आता दोन टेंगळं आहेत, एक जातानाचं, एक येतानाचं.)

बाई मात्र लाखात एक. त्यांनी आमचे कपडे शेगडीपुढे वाळत घातले, आम्हाला कोरडे गाऊन दिले (ह्यांना कै. मिस्टर थ्रॉसेल यांचा, तो पोटऱ्यांपर्यंतच आला) आणि वाफाळता रस्सा वाढला. आता, पाहुणचार झाला की घराची तारीफ करायची, ही आपली रीतच आहे. मीही केली. पडदे किती सुरेख, चहाची किटली किती देखणी, खिडकीतलं पेअरचं झाड तर विचारूच नका. (झाड काळोखात होतं. मला दिसलंसुद्धा नव्हतं.) शेवटी म्हटलं, "अशा घरात आयुष्य काढावं!" यावर मिसेस थ्रॉसेल रीतीप्रमाणे म्हणाल्या, "मग घ्याच की तुम्ही! मी तरी एकटी इथे किती दिवस काढणार? जाईन आपली धाकट्या लेकीकडे."

वन्सं, इंग्लंडमधल्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक आहे की यापुढचं वाक्य "छे छे, भलतंच काय!" असं असतं. मग त्या म्हणणार, "नाही हो, खरंच," आपण म्हणणार, "मुळीच नाही," आणि विषय हवापाण्यावर जाणार. पण तुमच्या बंधूंनी त्या दिवशी चार चढ पार केले होते आणि पुडिंग तीनदा मागून घेतलं होतं. ते आखूड गाऊनमध्ये उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आनंदाने!"

मिसेस थ्रॉसेल यांनी माझ्याकडे पाहिलं. परक्यांसमोर नवऱ्याचं बोलणं खोडायचं नाही, असं मला माझ्या आईने शिकवलं आहे (तिचं वाटोळं त्यामुळेच झालं, पण तो विषय वेगळा). मी म्हणाले, "किती छान!" त्याही म्हणाल्या, "किती छान!" आणि तिघांनी चहा घेतला.

मला वाटलं, सकाळी उजाडलं की ज्याचा तो विसरेल. कसलं काय! सकाळी न्याहारीच्या टेबलापाशी शेजारणी अभिनंदनाला हजर. दुपारी गावचे पाद्रीबाबा, व्हिकार, आले आणि चर्चमधली फुलं लावायच्या पाळीत माझं नाव घालून गेले, सप्टेंबरपासून. गावातल्या बायकांच्या मंडळाने मला जॅमच्या समितीवर घेतलं. ह्यांना तर काल संध्याकाळीच चर्चची घंटा वाजवणाऱ्यांत ओढून नेलं. दोर सोडायच्या वेळी ह्यांनी तो सोडला नाही, आणि हे दोराबरोबर वर गेले. खाली आल्यावर सगळे म्हणाले, "पहिल्या दिवसाच्या मानाने फारच छान." शनिवारी लडलो गावाहून वकील सह्या घ्यायला येणार. म्हणजे आपलं वुल्व्हरहॅम्प्टनचं घर विकायचं! दाराशी बस, कोपऱ्यावर तळलेल्या माशांचं दुकान, भिंतीपलीकडे खोकला काढला तरी विचारपूस करणारी शेजारीण, हे सगळं सोडून म्हातारपणी मी इथे काय करू? पेअर मोजू? पण हे खुशीत दिसतात. शीळ घालतात. आता सांगा, शीळ घालणाऱ्या माणसाला कसं सांगायचं?

असो. बाकी इकडे सर्व क्षेम. तुम्ही काळजी करू नये. गुडघ्याला जपा.

तुमची आज्ञाधारक भावजय,
मिलिसंट

ता. क. : काळजी करा. आणि पत्र मिळताच गाडी पकडून इकडे या. वन्सं, आपल्या सबंध कुळात तोंडावर नाही म्हणू शकणारं माणूस एकच, आणि ते तुम्ही. चहाला आलेल्या व्हिकारांना तुम्ही दारातूनच सांगितलं होतंत, "आज नको, मी कामात आहे." आमच्या लग्नात फोटोवाला हसा म्हणाला तर तुम्ही नाही म्हणालात. मी नवी नवरी असताना माझं पहिलं पुडिंग तुम्ही ताटलीसकट माझ्याकडे सरकवलंत आणि म्हणालात, "हे मी खाणार नाही." त्याचा राग मी आजवर मनात ठेवला होता. आता वाटतं, काय बाई होती ती! भीड ही भिकेची बहीण, असं तुम्ही नेहमी म्हणता. इथे आम्ही त्या दोघी बहिणींच्या मधोमध बसलो आहोत. शनिवारच्या आत या, मिसेस थ्रॉसेल यांच्यासमोर उभ्या राहा आणि फक्त "नाही" म्हणा. पुढचं आम्ही माफी मागून निभावून नेऊ.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवायच्या आत हे खोलीत आले. म्हणाले, ऑगस्टाला लिहितेस का? मी म्हटलं, हो, खुशाली. मग खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि एकदम म्हणाले, "मिली, मला सायकल मुळीच आवडत नाही गं. पाठ मोडली माझी." मी उडालेच. म्हटलं, "मग आपण आलो कशाला?" तर म्हणाले, "त्या घरात मी तुझ्या पायात येतो. ते घर तुझं आहे. मी तिथे इतकी वर्षं फक्त झोपायला यायचो. वाटलं, नव्या घरात दोघंही नवे असू, म्हणजे मला पाय वर घ्यावे लागणार नाहीत." रीतीप्रमाणे मी म्हणायला हवं होतं, छे, भलतंच काय, तुम्ही कुठे पायात येता? पण तुम्हाला इतकं लिहून माझ्यात तुमचा थोडा वारा शिरला असावा. मी म्हणाले, "येता. रोज येता. पण तुम्ही नसलात तर मी झाडू कुणाभोवती मारू?" यावर ते इतके हसले की पुन्हा दाराच्या चौकटीला डोकं आपटलं. तेव्हा आम्ही दोघं घरी परत येतो आहोत, सायकल रेल्वेच्या मालडब्यातून. ह्यांना स्वयंपाकघरातली खिडकीजवळची जागा द्यायचं मी कबूल केलं आहे. पण मिसेस थ्रॉसेल यांना नाही म्हणायचं कुणी, हा प्रश्न तसाच आहे. ह्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा पुडिंग खाऊन परत आले. तुम्ही याच.

ता. क. तिसरा : हे पोस्टाच्या फळीशी उभी राहून लिहिते आहे. पाकिटावर तुमचा पत्ता पाहून इथल्या पोस्टमास्तरीण बाई म्हणाल्या, "तुम्हीही कुणाला तरी बोलावताय वाटतं?" "तुम्हीही" म्हणजे काय? तर मिसेस थ्रॉसेल यांनी काल इथे रडत रडत भावाला तार केली. त्यांना घर सोडायचं नाही. मेल्या तरी सोडायचं नाही. नुसतं रीतीचं बोलल्या होत्या, आणि आता आमचं मन मोडवत नाही म्हणून गप्प आहेत! भाऊ बँकेत मॅनेजर होता. आयुष्यभर लोकांना नाही म्हणण्याचाच पगार घेतला त्याने. तो येऊन आम्हाला नाही म्हणणार आहे. मी पोस्टमास्तरीण बाईंना म्हटलं, "अहो, मग तुम्ही आम्हाला आधी सांगितलं का नाही?" त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारलं कुठे?" आणि मी आता घरी जाऊन मिसेस थ्रॉसेल यांना सरळ सांगावं, तर ते कसं दिसेल? त्यांना वाटेल, त्यांचं रडणं गावभर झालं. तेव्हा शुक्रवारच्या दुपारच्या गाडीने तुम्ही लडलोला उतराल, त्याच गाडीतून, पोस्टमास्तरीण बाई सांगतात, तो मिशीवाला भाऊही उतरेल. तुम्ही दोघांनी फलाटावरच एकमेकांना काय ते स्वच्छ नाही म्हणून टाका आणि मग एकाच टॅक्सीने इकडे या. मिसेस थ्रॉसेल चहाला बसवतील. बसा. केक देतील, तो आवडला नाही तर खुशाल ताटली सरकवा. पण वन्सं, तुमच्या पाया पडते, घराबद्दल एक चांगला शब्द काढू नका.