सबुरीचा फ्यूज

६ जानेवारी १९६४, बोरी अरब

गिरणीची किल्ली माझ्या कमरेला! माझ्या! अक्षर कोंबडीच्या पायासारखं येतंय, येऊ दे. वाचणारं आहे कोण?

झालं असं. आमची विजेची गिरणी बसली, पण चालवणार कोण? आमचे हे दारव्ह्याच्या शाळेत मास्तर, रविवारी तेवढे उगवतात. मी म्हटलं, सातवी पास आहे, मी चालवते. सासऱ्यांचा, मामाजींचा, चहा ओठाशीच थांबला. "बाईच्या हातात मोटर?" तर चुलीपुढून आत्याबाई म्हणाल्या, "जातं कोणाच्या हातात राह्यते जी, इतक्या वर्षांपासून?"

सासूनं सुनेची बाजू घेतली! या गल्लीत हे पहिल्यांदाच घडलं असेल. आत्याबाईंचं नाव धुरपताबाई, पण बोलणं फार कमी. आज एवढंच बोलल्या आणि भाकर उलटली.

७ जानेवारी

फ्यूज गेला.

८ जानेवारी

पुन्हा गेला. तीनदा! मोटर "घुंऽऽ" करते, आता फिरणार, फिरणार — आणि फट्! डब्यांची रांग उभी, मी बोर्डापुढं तोंड पाडून उभी. कांताबाई डोक्यावर टोपली ठेवत म्हणाली, "आमचं जातंच बरं वो माय. त्याले वायर नाही लागत." सगळ्या खी-खी हसल्या. मीही हसले, करते काय!

१० जानेवारी

वायरमन फुलसिंग आला. पलीकडच्या तांड्यातला. खिशाला फाउंटन पेनसारखा स्क्रू ड्रायव्हर लावतो आणि सारखा त्याला हात लावून बघतो. यवतमाळहून नव्या जातीचे फ्यूज आणलेत त्यानं — चिनी मातीच्या नळ्या, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. किती देखण्या! कानात घालाव्यात.

म्हणाला, "बसलेला बैल उठतानी कसा जोर लावते? मोटरचं तसंच हाय. उठतानी पाचपट करंट ओढते. साधा फ्यूज तापट. लगेच मरते. हा सबुरीचा. पाच-सात सेकंद दम धरते, तितक्यात मोटर पळाली पाह्यजे."

"आणि नाही पळाली तर?"

"तर हा बी जाते. जाच लागते!"

मामाजी कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "जातेच, तर मंग फायदा काय? फ्यूज म्हंजे न जानारा पाह्यजे."

"न जानाऱ्याले फ्यूज नाई म्हनत देवरावजी. त्याले खिळा म्हनते!"

मग माझ्याकडून पाढ्यासारखं पाठ करून घेतलं. आधी मेन बंद. फ्यूज का गेला ते शोधल्याशिवाय दुसरा बसवायचा नाही. आकडा तोच, त्याहून मोठा नाही. तार गुंडाळायची नाही, कोणीही सांगो! आणि तीन फ्यूजांतला एक गेला की मोटर दोन फेजवर कण्हते आणि जळते, म्हणून सुरू करताना हात बंदच्या बटणावरच. "बाई हुशार हाय," असं फुलसिंग मामाजींना म्हणाला. मला नाही, मामाजींना! मी पदरात तोंड घालून घेतलं.

१२ जानेवारी, रविवार

धावते! गिरणी धावते! घुंऽऽ म्हणते, एक क्षण अडते, आणि मग सुटते ती अशी की पट्टा दिसतच नाही. फ्यूज गप्प बसून. मी त्याला रोज सकाळी जय भीम घालते, कोणाला सांगत नाही.

हे सायकलवरून उतरले आणि दारातच थांबले. "ही पांढरी भुताटकी कोण हाय?" केसांत पीठ, भुवयांवर पीठ. मी म्हटलं, "इंजिनेर!" मास्तर दिवसभर मला इंजिनेर म्हणत होते. दुपारी आत्याबाईंनी माझ्या केसांतलं पीठ झटकलं आणि तेल लावून दिलं. इतकं सुख बरं नव्हे.

१७ जानेवारी

बरं नव्हेच. सकाळी पहिल्याच वेळी फ्यूज गेला. दुसरा बसवला — हो, आधी कारण शोधलं! पट्टा ठीक, वायर ठीक, दगडावरची दाण्यांची पेटी रिकामी. पट्टा उतरवून मोटर फिरवली तर भिंगरीसारखी फिरते. पट्टा चढवला, चाक हातानं चार वेळा ओढून मोकळं केलं, सुरू केली आणि दिवसभर राणीसारखी चालली.

१९ जानेवारी

पुन्हा! पुन्हा सकाळीच! दिवसभर काही नाही. भूत असेल तर ते फार शिस्तीचं आहे.

फुलसिंगला निरोप धाडला. येऊन बघून म्हणाला, "मोटरचा दोष नाई. दगड जाम होऊन राह्यला कायनं तरी. फ्यूज खरं बोलून राह्यला बाई, त्याच्यावर नाराज नको होऊ." मी नाही नाराज. पण कांताबाई पुन्हा जात्याचं कौतुक करायला लागली आहे.

२१ जानेवारी

मामाजी हातात जाड तार घेऊन आले! तेलाचं इंजिन चालवणाऱ्या धावजीनं दिली. "हे गुंडाळ, जन्मात जाणार नाही म्हनते तो."

मी बोर्डाला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, "मग फ्यूजऐवजी मोटर जाईल मामाजी. आणि जाताना घर घेऊन जाईल." सासऱ्यांपुढं एवढा मोठा आवाज! बाहेर डबे वाजायचे थांबले. मामाजींनी तार खाली टाकली, पण बोलले, "आणखी एकडाव गेला त किल्ली धावजीले. मंग तो काय गुंडाळायचं ते गुंडाळन."

 काय बोलले मी! वा नलू!

२३ जानेवारी

भूत सापडलं!

आज उजाडायच्या आत उठून गिरणीत गेले. किल्ली माझ्या कमरेला, तरी घराकडचं मागचं दार उघडं. आत आत्याबाई! पदरातून ज्वारी काढून पेटीत ओतत होत्या, आणि मोठं चाक हातानं ढकलत होत्या, दगडांच्या मधे ज्वारी पार ठेचून बसेपर्यंत. मग पेटी हातानं पुसून घेतली. म्हणूनच मला कधी दाणा दिसला नाही! भरल्या तोंडानं मोटर उठणार कशी?

मी हसायलाच लागले. खरंच, पोट धरून! "आत्याबाई, हे काय?"

"रिकामं नाई फिरू देत म्या. जातं रिकामं फिरवू नाई."

"अहो, छप्पन साली सगळे देव नदीत सोडून आलात ना? आख्ख्या गावाच्या बायांना तुम्हीच सांगत फिरलात — शकुन नाही, अपशकुन नाही! आणि हे?"

"हे देवाचं नोय."

"मग कशाचं?"

"नोय म्हटलं ना, पोरी." आणि गेल्या.

मी एकटीनंच दगड उचकटून साफ केला, तरी हसू थांबेना. फ्यूजच्या नळीला म्हटलं, बघ रे बाबा, तू खराच निघालास!

हे लिहितानाच लक्षात आलं — सांगणार कोणाला? मामाजींना सांगितलं तर ते पारावर जाऊन सांगतील. बाया म्हणतील, धुरपताबाई आम्हाला सोडायला लावते अन् स्वतः पाळते. आणि नाही सांगितलं तर किल्ली जाते. हसून झाल्यावर चांगलीच अडकले मी.

२४ जानेवारी

आत्याबाईंशी तह! भाजी निवडताना हळूच म्हटलं, मोटर आधी पळू द्या, मग पहिली मूठ तुमच्याच हातची. मोटर पळायला लागली की तिला ओझं जड नाही.

"म्हंजे तितका वेळ रिकामीच फिरते ना?"

"एवढंसं. चुटकीसरशी!"

पालक निवडत राहिल्या. नाही म्हणाल्या नाहीत. मी स्वयंपाकघरातून नाचतच बाहेर आले. इंजिनेर तर इंजिनेर, वकीलही!

२५ जानेवारी

गेला. शेवटचाच होता.

दगडांत ज्वारी. मामाजींनी सगळ्यांसमोर हात पुढं केला. आत्याबाई दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. किल्ली सोडून दिली. धावजी सोमवारी येणार, तारेसकट.

२६ जानेवारी

हे आलेत. "इंजिनेर, काहून गप?" म्हणाले. आज मला हसू येत नाही. त्या तारेचंच मनात येतं. आत्याबाई रोज त्याच मोटरशेजारी झाडतात.

२७ जानेवारी

धावजी बोर्ड उघडत होता. आत्याबाई आत आल्या आणि मामाजींना म्हणाल्या, "थांबवा त्याले. फ्यूज म्या उडवले." दगडात दाणे कसे घालत होत्या, ते सांगितलं. मग कोणाकडंही न बघता बोलल्या, "तुमी राजूरच्या खाणीवर गेलते त्या साली घरात दाणा नव्हता जी. शेजारणीले समजू नाई म्हून म्या रोज सकायी रिकामं जातं फिरवलं. पोरगं मांडीवर. तो आवाज मले आता आयकवत नाई." मामाजींना हे आजवर माहीत नव्हतं. ते तिथंच पोत्यावर बसले.

फुलसिंगकडून नवा फ्यूज आणून मी बसवला. आत्याबाईंनी मला बाजूला केलं आणि स्वतः बटण दाबलं. गिरणी रिकामी घरघरली. त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या, पट्टा पुरता पळायला लागेपर्यंत.

मग म्हणाल्या, "टाक वो बाई आता."