अंगणातली कोरांटी

इंदूर,
२ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईल तू टेबलाच्या खणात कोंडून ठेवतोस, म्हणून पुन्हा पत्रच. तुझ्या सांगण्यावरून मी दुसऱ्यांदा तिकीट रद्द केलं. आधी म्हणालास पाऊस फार आहे, मग म्हणालास वाट खचली. अरे, तुझी वाट दुरुस्त होईपर्यंत डोंगर फुलायचा थांबणार आहे का?

कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, बी धरते आणि वाळून जाते. देपालपुरच्या शाळेत बत्तीस वर्षं मी हेच शिकवलं. कशावरून, तर पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या एका तपकिरी चोथ्यावरून! मुलं विचारायची, मॅडम, कलर कौनसा? मी पुस्तकात वाचलेलं सांगायचे. दर फुलोऱ्याला नेमकी त्रैमासिक परीक्षा यायची आणि सुट्टी म्हटलं की प्राचार्य तोंड फिरवायचे. एप्रिलमध्ये रिटायर झाले, म्हटलं आता कोण अडवतंय. तर तू!

समीर तर तुझाच भाचा शोभतो. रविवारी मला लालबागेत घेऊन गेला, तिथे रोपांचं प्रदर्शन होतं. कुंड्यांपुढे उभं करून म्हणतो, आई, फूल तो फूल असतं, खामखा साताऱ्याला जाऊन घुटने का खराब करतेस. मला फूल बघायचं नाहीये रे दादा, मला ते जिथे उगवतं तिथे जाऊन उभं राहायचंय. एवढी साधी गोष्ट कोणाच्या डोक्यात शिरत नाही.

डॉक्टरांनी सांगितलंय की डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करावंच लागेल, आणि मग डोंगर विसरा. म्हणजे माझ्यासाठी यंदा नाही तर नाहीच. कधी येऊ ते उलट टपाली कळव. वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो जरा कामाला लाव.

तुझी,
सुहासिनी

•

सातारा,
८ सप्टेंबर २०२५

चि. सुहासिनीस,
अ. उ. आ.

पत्र पावलं. रागावणं तुझ्या नाकावर लहानपणापासून बसलेलं आहे, त्यामुळे मी मनावर घेत नाही. पण चौतीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, कुठली गाडी सोडायची आणि कुठली नाही एवढं मला कळतं. वरती जळवा आहेत, धुकं आहे, शेवाळावरून माणसं घसरतात. त्यात यंदा फुलोरा म्हणावा तसा नाही. मी परवाच वर जाऊन आलो. विशेष काही नाही गं, निळसर फुलं, झालं.

तरी तुझा हट्ट राहू नये म्हणून एक डहाळी तोडून आणली आणि रद्दीत दाबून वाळवली. सोबत पाठवतो आहे. घरबसल्या हवी तेवढी बघ. ऑपरेशन आधी करून घे, मग निवांत ये. रमा तुझ्यासाठी मेतकूट करून ठेवते आहे.

सर्वांना आशीर्वाद. प्रकृतीची हेळसांड करू नये.

तुझा,
दादा

•

इंदूर,
१४ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हद्द झाली दादा. पाकीट उघडून डहाळी टेबलावर ठेवली. बत्तीस वर्षं वाळलेली फुलं पाहिली, आणि तू मला आणखी एक वाळलेलं फूल पाठवलंस!

आणि तेही कारवीचं नाही. कोरांटीचं आहे. फुलाच्या बुडाशी ती काटेरी कडेची दोन पानं आहेत ना, ती कारवीला नसतात. अकरावीची माझी कुठलीही पोरगी हे डोळे मिटून सांगेल. वहिनींच्या अंगणात नळाजवळ जे कुंपण आहे, त्याची ही डहाळी. पूजेला मीच तिथली फुलं तोडलेली आहेत.

म्हणजे तू वर गेलाच नाहीस. मग फुलोरा कमी आहे हे तुला कोणी सांगितलं? वाट तरी खचली होती का? मी तेरा वर्षांची होते, मला गोवर आला होता आणि तू मित्रांबरोबर डोंगरावर निघाला होतास. मी रडले तेव्हा म्हणालास, पुढच्या खेपेला मी तुला हाताला धरून नेईन. त्यानंतरचे सगळे फुलोरे गेले, मी कधी बोलले नाही. पण खोटं का बोललास? समीर अडवतो, डॉक्टर अडवतात, त्याचं मला काही वाटत नाही. तू अडवलंस ते फार लागलं.

सत्तावीसचं तिकीट काढलंय. तू नाही म्हणालास तरी येणार, लॉजवर उतरेन. नमस्कार करते, पण आज मनापासून नाही.

सुहासिनी

•

सातारा,
२० सप्टेंबर २०२५

चि. सुहासिनीस,
अ. उ. आ.

पकडलंस. रमा म्हणालीच होती, की मास्तरणीला फसवायला जाऊ नका.

खरं सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तुला हर्निया म्हणून कळवलं होतं. आता जिना चढलो तरी मधल्या पायरीवर बसावं लागतं. डोंगराच्या पायथ्याला गेलो होतो, हे मात्र खोटं नाही. पन्नास पावलं गेलो आणि परत फिरलो. तू येणार, हात पुढे करणार आणि मी खाली दगडावर बसून राहणार, याची मला लाज वाटली. पंचेचाळीस वर्षांहून जुना शब्द, आणि तो पाळायची ताकद नाही. म्हणून पाऊस काढला, वाट खचवली. तुझ्या वाटणीचे दिवस मी खाल्ले, माफ कर.

लॉजवर उतरलीस तर रमा मला घराबाहेर काढेल. शेजारचे प्रतापराव जीप घेऊन येतात, वरपर्यंत तुझ्यासोबत चालतील. त्यांचा पाय घट्ट आहे. मी पायथ्यापर्यंत येईन. लवकर ये.

आशीर्वाद आहेतच, पण या वेळी राग तेवढा सोडून ये.

तुझा,
दादा

•

डोंगरावरून,
२९ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू खाली जीपमध्ये बसला आहेस, मी वर धारेवर. प्रतापराव पाण्याची बाटली भरायला खाली उतरताहेत, त्यांच्याजवळ ही चिठ्ठी देते. वहीचा कागद आहे, अक्षर वाकडं आलंय, समजून घे.

आधी भांडण. अर्धा डोंगर झडून गेलाय. तुझ्या थापा नसत्या तर सगळा मिळाला असता. चढताना मी तुला तीन वेळा शिव्या घातल्या, प्रतापरावांनी ऐकल्या आहेत, विचार त्यांना. गुडघा तर बोंब मारतोय.

पण ओढ्याच्या अंगाला अजून फुलोरा आहे. झुडपं माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत आणि मी त्यांच्या आत उभी आहे. रंग पुस्तकात दिलाय तो नाही. ताज्या फुलाचा निळा, उद्या गळणाऱ्याचा गुलाबी, एकाच दांडीवर दोन्ही. बत्तीस वर्षं मी पोरांना चुकीचं सांगितलं रे! आणि मधमाश्या इतक्या, की सगळा उतार घुमतोय. वरून हाक मारली असती, पण तुला ऐकू आली नसती, म्हणून लिहून कळवते आहे.

मी रडले. प्रतापराव बिचारे दुसरीकडे बघत उभे राहिले.

फूल तोडलेलं नाही, तेव्हा हातात काही मागू नकोस. मी तासाभरात उतरते. तुझ्या मदतीवाचून चढले हे खरं, पण खाली तू बसला आहेस म्हणून चढले. पुढच्या फुलोऱ्याला मी एकोणसत्तर वर्षांची असेन आणि तू सत्त्याहत्तरचा. मग मीही पायथ्यालाच बसेन, तुझ्या शेजारी. वर समीरला पाठवू, त्याला आत्तापासून सांगून ठेवू.

औषधाची गोळी घेतलीस का? डब्यात वहिनींनी ठेवली आहे.

तुझीच,
सुहासिनी