एका आढ्याखाली

देवास, माघ वद्य पंचमी, शके १८२६

तीर्थरूप दादांस,
धाकट्या यमूचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. इकडे सर्व ठीक. वहिनींचा गुडघा कसा आहे ते कळवावे.

पत्र लिहिण्याचे कारण घराचे छप्पर. प्लेगाच्या साली घरात ऊन पडावे म्हणून कौले उतरवली आणि आम्ही माळावर झोपड्यांत राहिलो, हे तुम्हांस ठाऊक आहे. त्या पावसात आढे भिजले ते भिजलेच. आता मधोमध म्हाताऱ्या म्हशीच्या पाठीसारखे वाकले आहे. मानाजी मिस्त्री वर चढून पाहून आला आणि म्हणाला, बाईसाब, येती बरसात हे लाकूड काही काढत नाही.

हे आणि भास्कर भावोजी वेगळे झाले तेव्हा मध्ये भिंत घातली. उगवतीची बाजू आमची, मावळतीची त्यांची. चुली दोन, दारे दोन, पण छप्पर सासऱ्यांच्या वेळचे एकच राहिले. ह्यांना जाऊन आता दोन वर्षे होतील. मला वाटले, माझ्या एवढ्याशा बाजूवर पत्रा टाकावा म्हणजे उंदरांचा तरी जाच संपला. तर भावोजी आपण होऊन आले. पत्र्याखाली वैशाखात भाजून निघाल, म्हणाले. मातीचे सपाट धाबे घातले तर ते दर साली चोपायला माणूस कुठून आणाल, म्हणाले. इंदूरच्या स्टेशनात मंगलोरी कौले येतात ती आणू, आणि दोन्ही घरांवर मिळून एकच लांब आढे घालू, असा त्यांचा बेत आहे.

दादा, हा माणूस दोन वर्षांत माझ्या दारात दोनदा आला नव्हता. आता रोज येतो, काठीने माझे माजघर मोजतो आणि मिस्त्रीशी हळू बोलतो. मी दाराआड जात्याशी बसून कान देते, तर नेमके जातेच घरघरते. त्यांनी मोजून झाले की मी सुतळी घेऊन पुन्हा मोजते. काय मोजते ते माझे मलाही कळत नाही. तुम्ही अदालतीत बसणारे, तुम्हांस चार गोष्टी कळतात. काय करू ते लिहावे. पत्र माझ्या नावाने पाठवावे, भावोजींच्या नावाने नको.

तुमची माया आहे तशी राहो, इतकेच मागणे.
यमुना


धार, फाल्गुन शुद्ध द्वितीया, शके १८२६

चि. गं. भा. यमूस दत्तोपंताचे अनेक आशीर्वाद. पत्र पावले. वाचून मन अस्वस्थ झाले.

तू लहानपणी गवळ्याचे दूध हुंगल्याशिवाय घरात घेत नव्हतीस आणि आम्ही तुला हसत होतो. आज तीच सवय कामास आली. भास्करराव आढे एक का म्हणतात, हे मला विचार. अदालतीत मी हेच रोज पाहतो. भाऊ तोंडी वेगळे होतात, भाऊ मरतो, आणि मग पंच घर पाहायला येतात. पंच आधी चुली पाहत नाहीत, वर पाहतात. छप्पर एक दिसले की घर एकत्र, असे म्हणून मोकळे होतात. एकत्र घरात मूल नसलेल्या विधवेला काय मिळते? दोन वेळचे अन्न आणि दोन लुगडी, तीही देणाऱ्याच्या मर्जीने. जुने छप्पर एक होते ते वडिलांचे म्हणून चालून गेले. नवे आढे तुझ्या संमतीने चढले की तुझा हिस्सा तूच त्यांच्या घरात घातलास असे होईल. मंगलोरी कौलांचे कौतुक हे वरचे साखरपाणी आहे.

तेव्हा आढी दोन घाल. मधली भिंत छपरापर्यंत चढव. त्यांनी गोड बोलून पाहिले तर अधिक सावध राहा. आणि हे सगळे झेपत नसेल तर घराचा नाद सोड. तुझा भाऊ अजून आहे. धारेस ये.

वहिनीचा गुडघा तसाच आहे. चुलीपुढे बसवत नाही.
तुझे बरे व्हावे एवढीच इच्छा.
दत्तोपंत


देवास, फाल्गुन वद्य सप्तमी, शके १८२६

तीर्थरूप दादांस यमूचा नमस्कार वि. वि. तुमचे पत्र वाचल्यापासून माझी नजर सारखी वर जाते. परवा भाताला आधण ठेवून आढ्याकडे पाहत बसले, तर खाली भात लागला.

तुम्ही लिहिल्याप्रमाणे मी जाऊबाईंमार्फत निरोप दिला की मला आढे वेगळे हवे. वाटले होते, आता घर डोक्यावर घेतील. तर भावोजी भांडले नाहीत. वहिनींची मर्जी, एवढेच म्हणाले आणि अंगणात जाऊन खोकत बसले. दादा, इतक्या लवकर कबूल होणारा माणूस मला भांडणाऱ्यापेक्षा जास्त भिववतो.  काल जाऊबाईंनी सोनकच्छच्या गव्हाची परडी पाठवली. मी ती तशीच ठेवली आहे. गहू चांगला दिसतो, म्हणून तर शंका येते.

आणि आता ऐका. लोहारद्याकडून सागवान आले ते एकच ओंडका, दोन्ही घरांना पुरेल इतका लांब. गाडीवान गल्लीत वळवताना समोरच्या बाजूच्या शिपायाशी भांडला. तुम्हांस माहीत आहे, देवासचे राजे दोन; गल्लीची आमची बाजू थोरल्या पातीची आणि समोरची धाकट्या पातीची. लाकडाचे टोक त्यांच्या राज्यात गेले म्हणे. सगळी गल्ली हसली, मला हसू आले नाही. वेगळे आढे कबूल केले होते, मग एकच ओंडका का? मी मानाजीला विचारले. तो भावोजींना भिया म्हणतो. म्हणाला, मुझे तो भियाने जो बोला वो लाया, बाईसाब. सांगा, याला काय म्हणू?

लवकर लिहा. जीव थाऱ्यावर नाही.
तुमच्या भरवशावर असलेली,
यमुना


धार, चैत्र शुद्ध षष्ठी, शके १८२७

चि. यमूस आशीर्वाद. ओंडका एक आला याचा अर्थ उघड आहे. एक दिवस तू देवळात गेलीस की तो वर चढेल. मग तू रड नाहीतर ओरड. करवत्ये बोलाव आणि तुझ्या डोळ्यांदेखत त्याचे दोन तुकडे करून घे. एक दिवसही थांबू नको.

खरे सांगू, मला तर वाटते तू हा खटाटोप कशाला करतेस? छप्पर, कौले, मिस्त्री हे बायकांचे काम नव्हे. आम्ही इकडे तुझी सगळी सोय केली आहे. स्वयंपाकघरालगतची खोली सारवून घेतली. स्वयंपाकाच्या सीताबाईंना पाडव्यापासून येऊ नका म्हणून सांगितले, कारण तू येणार तेव्हा परके माणूस घरात कशाला? वहिनी तुझ्या हातच्या पुरणाची आठवण काढते. मुलेही आत्या कधी येते म्हणून विचारतात. तुझी बाजू भास्कररावांना वापरू दे, त्यांनाही उपकार वाटतील. नाहीतर कुलूप लावून किल्ली सोबत आण.

वाट पाहतो. येण्याचा दिवस कळव, महूपर्यंत माणूस पाठवीन.
दत्तोपंत


देवास, वैशाख शुद्ध दशमी, शके १८२७

तीर्थरूप दादांस यमूचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. उत्तराला उशीर झाला, कारण माझ्या डोक्यावर छप्पर नव्हते. आता आहे.

तुमचे पत्र आले त्याच दिवशी मी करवत्ये बोलावले. अंगणात ओंडका आडवा, मी पायरीवर पदर खोचून उभी. करवत अर्ध्यापर्यंत गेली असेल, तोच भावोजी बाहेर आले. आता आडवे येतील म्हणून मी तोंडाशी चार शब्द तयार ठेवले होते. ते लाकडावर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले की कापा, पण एकदा माझे ऐकून कापा. मग जे बोलले ते जसेच्या तसे लिहिते.

"वहिनी, मी आहे तोवर तुम्हाला कोणी उठवणार नाही. माझा खोकला तुम्ही भिंतीपलीकडून ऐकताच. माझ्यामागे माझी मुले कशी निघतील ते मला सांगता येत नाही. तुमचे छप्पर वेगळे असले तर ते वेगळे उतरवता येते. आढे एक असले तर तुमचे काढायला त्यांना आधी स्वतःचे काढावे लागेल."

हे त्यांनी आधी का सांगितले नाही, असे मी विचारले. तर म्हणाले, आपल्याच मुलांवर संशय घेतो हे बापाने भावजयीपुढे कोणत्या तोंडाने बोलायचे? एवढे बोलून खोकत आत गेले. जाऊबाई दारात उभ्या होत्या. त्या रडत होत्या, आणि दादा, मलाही रडू आले. तो गहू मी त्याच दिवशी दळला.

पण मी दूध हुंगणारीच. पंच वर पाहतात हे तुम्ही खोटे लिहिले नव्हते. म्हणून मी गल्लीतल्या दोन्ही पातींच्या चार वडील माणसांना अंगणात बसवले. भावोजींनी सर्वांदेखत सांगितले की घरे दोन, हिस्से दोन, आढे फक्त पावसासाठी एक. गूळपाणी झाले. मग लाकडाचा प्रश्न. अर्धे कापलेले सागवान तसेच वर घालता येईना. मानाजी म्हणाला की पुरते कापून जोड द्यावा लागेल, आणि जोडाखाली खांब पाहिजेच. तो खांब कोणाच्या बाजूला? मी म्हटले, माझ्या. भावोजी प्रथमच हसले. आता तो खांब माझ्या माजघरात उभा आहे. मी तो हलवला तर त्यांचेही छप्पर खाली येईल. जोडात लाकूड गेले म्हणून त्यांच्या बाजूचे छप्पर हातभर आखूड झाले. पावसात त्यांचा ओटा भिजेल. तिथे बांबूचा तट्टा मी लावून देणार आहे.

मंगलोरी कौले चढली. खाली बसले की थंड वाटते.

आता तुमच्याविषयी. दादा, संशय कसा घ्यावा हे तुम्ही शिकवलेत. वर पाहायला सांगितलेत म्हणून मी भावोजींचे आढे पाहिले, आणि मग तुमची चूलही पाहिली. मी येईन की नाही हे विचारण्याआधी तुम्ही सीताबाईंना निरोप दिलात. खोली दिलीत ती चुलीलगतची. तुमच्या मनात काळेबेरे होते असे मी म्हणत नाही. तुम्हांला ती माझी सोयच वाटली असेल. तेवढ्याचेच वाईट वाटले.

सीताबाईंना परत बोलवा. वहिनींच्या गुडघ्याला इकडचे तेल पाठवते. दिवाळीला मी येईन, मुलांना गोष्टी सांगीन, चार दिवस पाटावर बसून जेवीन आणि माझ्या घरी परत येईन. पुरण मात्र तुम्ही इकडे या तेव्हा करीन. माजघरात खांबाला टेकून बसा आणि निवांत वर पाहा.

तुमचा लोभ मला हवाच आहे, दादा. पण आता तो पाहुणीवर करावा.
यमुना