फळाला ‘चल’ म्हणणारी गावं

३ मे, सकाळी ७.१०
पाचला उठायचं ठरलं होतं. पण लॉजच्या गादीत मधोमध खड्डा आहे, त्यातून बाहेर यायलाच वेळ गेला. उद्यापासून पाच म्हणजे पाच.

पुस्तकाचं नाव नक्की केलं: ‘फळांचे स्टॉल आणि लोकसंस्कृती’. लोक म्युझियम बघत हिंडतात. मी फळवाल्यापाशी उभा राहून गाव ओळखणार. पस्तीस वर्षं कारखान्यांचे बॉयलर तपासलेत, नजर तयार आहे.

रस्ता शास्त्रीय पद्धतीनं निवडला. हिच्या बहिणीचं गाव याच रस्त्यावर आहे, हा निव्वळ योगायोग. बहीण आता लेकीकडे राहते, म्हणजे ओळखीचं कुणी भेटणार नाही. अभ्यासाला उत्तम. ही दर मे महिन्यात इथं यायची. मला रजा नसायची.

मागचा मे महिना हिच्या आजारपणात गेला. ही गेली त्याला अकरा महिने झाले. मी केव्हाच सावरलोय. मुलगा उगाच रोज फोन करतो.

दुपारी १
पहिला स्टॉल. दहा खरबुजं दाबून पाहिली. फळवाला म्हणाला, काका, दाबू नका. मी अभ्यासाचा हेतू समजावून सांगितला. तरी नका दाबू म्हणाला. एक विकत घेतलं, कापलं, आतून काकडी. खाण्यासाठी घेतलंच नव्हतं.

४ मे, सकाळी ११
उठायला साडेसात झाले. पण शोध लागला!

दुसऱ्या गावातला म्हातारा फळवाला खरबूज उचलतो, देठाकडे नाक नेतो, डोळे मिटून वास घेतो. मग पिशवीत ठेवताना फळालाच हळूच म्हणतो, ‘चल.’ प्रत्येक फळाला. गिऱ्हाइकांना त्याचं काहीच वाटत नाही. म्हणजे प्रथा जुनी असणार.

हीसुद्धा असंच करायची. भर बाजारात, चारचौघांत. मला लाज वाटायची, मी दोन पावलं लांब उभा राहायचो. आता उलगडा झाला. हिनं ते इथून उचललं होतं. प्रकरण पहिलं तयार.

दुपारी ३
डोळा लागला होता. कुणीतरी अगदी कानाशी ‘चला ना’ म्हणालं. हिचाच आवाज. ताडकन उठून दार उघडलं. बाहेर लॉजवाली चादरींच्या घड्या घालत होती. मी काही बोलले नाही म्हणाली. पाइपात हवा अडकली असणार. पाइपांचं मला कुणी सांगायला नको.

५ मे
तिसरं गाव. इथला फळवालाही वास घेतो, ‘चल’ म्हणतो. प्रथेचा विस्तार सिद्ध.

स्टॉलवर निळी छत्री घेतलेली एक बाई पाठमोरी उभी होती. मान किंचित डावीकडे कललेली, हिची असायची तशीच. तिच्यामागून चार दुकानं गेलो, संशोधन म्हणून. वळली तर भलतीच बाई. असणारच. माझा तसा काही समज नव्हता.

खोलीत पिकलेल्या खरबुजाचा वास येतोय. माझं खरबूज कच्चं होतं, ते परवाच टाकलं. वास जावा म्हणून खिडकी उघडली. लगेच लावून घेतली. गेला असता तो.

मुलाचा फोन आला. उत्तम चाललंय म्हणालो. आवाज असा का येतोय, असं विचारत होता. रेंज नाही म्हणालो.

६ मे, दुपारी
हिच्या बहिणीचं गाव. नाक्यावर स्टॉल. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेली फळवाली. इथंही ‘चल’. वही उघडून रीतसर विचारलं, ही प्रथा किती पिढ्यांची?

ती हसायलाच लागली. प्रथा कसली, म्हणाली. दर उन्हाळ्यात एक बाई यायच्या, त्यांची ती सवय. त्यांचं बघून मला लागली. मागच्या दोन गावांतले स्टॉल माझ्या सासऱ्यांचे आणि दिराचे, त्यांना माझी लागली.

पेन हातातच राहिलं. फळाला ‘चल’ कशाला म्हणायचं, एवढंच विचारता आलं.

फळवाली म्हणाली, “मी पण विचारलं होतं. म्हणाल्या, मिस्टरांना चला चला म्हणून थकले. फळ तरी एका हाकेत येतं.”

मग तिनं विचारलं, तुम्ही ओळखता का त्यांना? मागच्या उन्हाळ्यात आल्या नाहीत. यंदा येतील ना?

मी म्हणालो, यंदा त्यांना वेळ नाही.

अभ्यासकानं खासगी माहिती देत बसू नये. योग्य तेच केलं.

संध्याकाळी
जेवलो नाही. प्रकरण पहिलं रद्द. बाकीची लिहिलीच नव्हती.

सव्वीस मे महिने ही इथं आली. कुणाशी बोलायची, कुठं बसायची, मी कधी विचारलं नाही. पिशवीभर फळं घेऊन घरी परतायची. मी पेपरातून डोकं न काढता म्हणायचो, ही काय आपल्याकडे मिळत नाहीत?

आज पाइप गप्प आहेत. सारखा कान तिकडेच जातोय.

७ मे
पाचला उठलो. झोप लागली नव्हती, तेव्हा ते धरायचं की नाही कोण जाणे.

नाक्यावर गेलो. काय सांगायचं ते तीन मुद्द्यांत ठरवलं होतं. फळवाली नुकतीच मांडामांड करत होती. ‘एकच ना?’ म्हणाली. मी मान हलवली. तिनं खरबूज उचललं, वास घेतला, पिशवीत ठेवलं. “चल.”

“आलो,” मी म्हणालो. चांगलं मोठ्यानं. दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

मुद्दे आठवेनात. फळवालीनं चष्मा लावून माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, तुम्हीच का ते मिस्टर? हो म्हणालो. ही गेली, असं म्हणालो. अकरा महिन्यांत हे दोन शब्द मी तोंडानं उच्चारले नव्हते, फोनवर सगळ्यांना मुलानंच कळवलं होतं. तिनं स्टूल पुढं सरकवलं. त्यावर बसून मी रडलो. बराच वेळ. गिऱ्हाइकांना तिनं हातानंच थांबायला सांगितलं.

मग पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, “दर वर्षी जाताना सांगायच्या, पुढच्या वर्षी त्यांना घेऊन येते.”