माइकच्या भोकातून आक्काचा पाळणा

शिरड शहापूर,
बारा एप्रिल

आदरणीय दाजी, धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे भिवाजीचा, तुमाला मनापासून जय भीम. इकडं समदे खुशाल हाईत. तुमची कंबर कशी हाय? आक्काच्या तब्येतीचं मात्र विचारत न्हाई, कारण काल संध्याकाळपासून अर्ध्या शिरडनं कळमनुरीला फोन लावून "जनकाबाईच्या गळ्याला काय झालं वो?" म्हणून तुमाला भंडावलं, हे कानावर आलं. आक्काचा गळा ठणठणीत हाय, हे तुमाला ठाऊक अन् मलाबी. तरी ही बोंब कशी उठली ते सविस्तर लिहितो. (फोनच करणार होतो, पण माझा नंबर दिसला की तुमचा फोन आक्का उचलती अन् ठेवून देती.)

तुमाला म्हाईतच हाय, विहाराचं भोंग्याचं मशीन सत्तावीस वर्षं माझ्या ताब्यात हाय. एवढ्या वर्षांत लगीन असो, परित्राण पाठ असो, भोंगा बांधला तो भिवाजीनंच. "हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणावं तर भिवाजीनंच, असं लोक म्हणतात. (लोक म्हणजे जळबा. पण माणूस जाणता हाय.) डाग एकच, तो नऊ वर्षांपूर्वीचा. जयंतीला आक्का बाबासाहेबांचा पाळणा म्हणाया उभी राहिली. आपल्या बहिणीचा आवाज पार शिवारात जावा, म्हणून म्या बटण पिळत गेलो, पिळत गेलो, अन् मशीननं अशी शिट्टी मारली की लेकरं रडाया लागली. आक्का अर्ध्या पाळण्यावरून खाली उतरली. म्हणाली, "भिवा, तुझा हात मशीनवर हाय तोवर मी हितं गाणार न्हाई." ही नववी जयंती, दाजी. बाई शब्दाची पक्की. आमच्या घरचीच की!

म्हणून तर तुमी आक्काच्या नकळत तिचा पाळणा त्या डबीएवढ्या प्लेअरमधी भरून धाडला, तवा मला एवढा आनंद झाला. बाई न्हाई तर न्हाई, आवाज तर येईल! आता मशीनच्या मागचं गाणं लावायचं भोक उंदरानं वायरसकट निकामी केलेलं. (उंदराला म्या दोष देत न्हाई, मशीन उघडं म्याच ठेवलं होतं.) राहिली समोरची माइकची भोकं. म्या डोकं लढवलं. इअरफोनची वायर कापली, जुन्या माइकच्या पिनेला कथिलाचा डाग दिला अन् प्लेअर डायरेक्ट माइकच्या भोकात! असलं काम हिंगोलीच्या दुकानदाराला सुचलं न्हाई. तो नवं मशीनच घ्या म्हणत होता.

मंग प्लेअरचा आवाज फुल्ल केला. जास्त घालावं तर जास्त निघंल, हा आपला साधा हिशेब. भोंग्यातून जे निघालं ते काय सांगू! पाळणा होता, पण पत्र्यावर खडी ओतल्यावानी. आक्का गाऊन राहिली का दम्यानं तडफडून राहिली, कळंना. म्या मशीनचं बटण कमी केलं, तर खडी तीच, फकत हळू. तेवढ्यात गोजरबाई, आक्काची लहानपणची मैतरीण, पदर सावरत पळत आली. "अरं भिवा, जनकीला काय झालं रं? दवाखान्यातून गाऊन राहिली का?" तिनंच ते फोन सुरू केले.

शेवटी आमच्या सूनबाईनं, सपनानं, प्लेअर हातात घेतला अन् त्याचा आवाज पार खाली, दोन काड्यांवर आणला. "मामा, माइकचं भोक कुजबूज ऐकाया बसलंय, तुमी त्याच्या कानात बोंबलून राहिले," म्हणाली. अन् दाजी, भोंग्यातून आक्का निघाली. अगदी बराबर आक्का! बाया जागच्या जागी थांबल्या. माझी छाती फुगली. डाग म्याच दिला होता की न्हाई त्या पिनेला? पण पाळणा संपला अन् गोजरबाईनं डोळे पुसत इचारलं, "बाई जित्ती हाय न्हवं? मंग डबीत काहून कोंडली?"

जयंतीला प्लेअर लावू, त्याची काळजी नसावी. गोजरबाई आक्काला बघाया कळमनुरीला निघाली हाय, ही चिठ्ठी तिच्या पिशवीत जेष्ठमधाच्या पुडीखाली ठेवली हाय. जेष्ठमध आक्काला द्या, चिठ्ठी तुमी घ्या.

तुमचा,
भिवाजी

ता. क. प्लेअर लावू म्हणालो ते खोटं हाय. म्या ती वायर आज सकाळी उपसून काढली. परवा आक्काला घेऊन या. गोजरबाई एकटी परत येणार न्हाई, असं ठरवूनच निघाली हाय.

ता. क. दुसरा. आक्काला सांगा, मशीनवर सपना बसंल. किल्ली तिच्याकडं दिली, बटणाला हात लावणार न्हाई. म्या खाली बायांच्या मागं सतरंजीवर बसून राहीन. काल सपनाच्या हातात प्लेअर असताना ध्यानात आलं, आक्काचा पाळणा म्या पहिल्यांदाच आख्खा ऐकला. इतकी वर्षं बटणाकडंच बघत होतो.

ता. क. तिसरा. "हॅलो, माइक टेस्टिंग" तेवढं मला म्हणू द्यावं. आक्काला इचारून ठेवा. न्हाई म्हणाली तर तेबी ऱ्हाऊ द्या, पण या.