नाव घेतल्याचा दंड

तात्यापारा, रायपूर

प्रिय आशय,

थकले रे. सकाळपासून भांडी कागदात गुंडाळतेय. तुझ्या आईच्या घरात डब्यात डबा, त्यात आणखी डबा, आणि सगळ्यात आतल्यात एक जायफळ. लग्नानंतरची सहा वर्षं मी याच घरात काढली. नाशिकची मुलगी इथं येऊन सदर बाजारातल्या स्कूटरवाल्यांना हिंदीत शिव्या द्यायला शिकली. परवा तिथं सुतळी आणायला गेले, तर दुकानदारानं ओळखलं. 'भाभी, बहुत दिन बाद!' म्हणाला. मला उगाच रडू आलं. पुण्यात मला असं कुणी म्हणत नाही.

घर विकलं, ट्रक पुढच्या बुधवारी येईल, सगळं तू ठरवलंस तसंच चाललंय. आईंचं काहीच म्हणणं नाही. देव्हारा कुठल्या खोक्यात? 'ठेव नं कुठीबी.' पलंग विकायचा? 'हव.' पुण्यात करमेल ना? 'हव, करमन.' माझ्या वरणातल्या गुळावरून सहा वर्षं माझ्याशी वाद घालणारी बाई ही! भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. या 'हव'चीच भीती वाटतेय.

एकच मागणी केली त्यांनी, भोजलीमावशीला भेटून यायचं. तुला सांगायला नको, पण मला हे लग्नानंतरच कळलं होतं. पुलगावहून नवी नवरी होऊन आलेल्या आईंच्या कानावर शेजारच्या या छत्तीसगढी बाईनं भोजली खोवली, म्हणजे श्रावणात टोपलीत उगवलेल्या गव्हाचे पिवळे कोंब. आईंनीही तिच्या कानावर खोवले, आणि दोघी जन्माच्या बहिणी झाल्या. तेव्हापासून एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, हाक मारायची ती 'भोजली' अशीच. एकीच्या घरचं सुतक दुसरीला. बाबा गेले तेव्हा तिनंही सुतक पाळलं होतं, आठवतं?

आता ती मुलाकडे राहते, उरला या कारखान्यांच्या भागात, रोलिंग मिलच्या मागे. ऑटोनं गेलो. वाटेत ट्रकांची रांग, तिच्या तुळशीवरही काळी धूळ. दोघी खाटेवर बसून राहिल्या. निघताना आई दारात वळल्या आणि म्हणाल्या, 'येतो मी, दुकाल्हीन.' दुष्काळात जन्मली म्हणून ठेवलेलं नाव. मी ते पहिल्यांदाच ऐकलं. मावशीचा चेहरा एकदम उतरला, ती आत निघून गेली.

ऑटोत मी विचारलं, मुद्दाम घेतलंत का नाव? 'मंग? नातं तोडून टाकलं. मी तं आता पुण्याले मरन. तिनं काहून सुतक पाळत बसावं इथं?' घरी येऊन जेवल्या नाहीत.

भोजली पेरायच्या दिवशी, नागपंचमीला, सकाळी मावशी दारात. हातात रिकामी टोपली, पदरात गहू. 'मोर नाव धरे हस, त डांड लागही.' नाव घेतलंस, आता दंड भर. दंड नारळाचा असतो म्हणे, पण नारळ तिला नको होता. यंदाची भोजली आईंच्या हातची हवी होती. आई जे भांडायला लागल्या! 'घर इकलं माह्या पोट्ट्यानं, पेरू कुठी?' भांडता भांडताच मी चिकटपट्टी लावून बंद केलेला खोका त्यांनी नखांनी फोडला आणि गहू भिजवायला पातेलं काढलं. रात्री पोटभर जेवल्या, वर म्हणाल्या, वरणात गूळ जास्त झाला.

फोनवर तू मला मध्येच तोडतोस, म्हणून हे लिहितेय. ट्रकमधून सामान पाठवते, आईंना पाठवत नाही. मागच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या पाहिल्यात. मावशी त्यांच्याबरोबर राहायला तयार आहे, तिच्या मुलालाही विचारलं. लोक म्हणतील, सुनेनं सासूला टाकलं. तूही मनात म्हणशील. मला त्या तिकडे हव्या होत्या रे. गुळावरून भांडायला पुण्यात मला तरी कोण आहे? तू एवढंच कर. फोनवर त्यांना 'पुण्याला येतेस ना?' असं विचारू नकोस. त्या हो म्हणतील.

तुझीच,
पूर्णिमा